डावा हात म्हणजे नवरा नव्हे

सलाम ताई,

माझं वय ३४, खराडीला आयटी कंपनीत नोकरी, राहायला वडगाव शेरी. माहेर नगरचं. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक होते. पगार झाला की आई किराण्याच्या आधी दशमांश, म्हणजे देवासाठीचा दहावा हिस्सा, बाजूला काढायची, बोर्नव्हिटाच्या रिकाम्या डब्यात. तो डबा फडताळावर असायचा आणि माझ्या दहावीच्या क्लासची फी कमी पडली तेव्हासुद्धा कुणी उघडला नाही.

माझ्या हातात महिन्याला ६८ हजार येतात, नवऱ्याच्या ५४. घराचा हप्ता ३८ हजार. मग मुलाची शाळा, सासूबाईंची औषधं, आणि नगरला आईबाबांना मी ९ हजार पाठवते. नवरा नाताळ-ईस्टरचा ख्रिस्ती. त्याच्या घरची कॅम्पातल्या एका जुन्या चर्चची वर्गणी आहे, महिना १०० रुपये, सासऱ्यांच्या वेळेपासून तेवढीच. मी दोन वर्षांपासून घराजवळच्या एका नव्या मंडळीत (चर्चमध्ये) जाते. हॉल भाड्याचा, पण माणसं जिवाभावाची. पास्टर सांगतात की दशमांश हातात येणाऱ्या पगारावर नाही, पूर्ण पगारावर द्यायचा. म्हणजे माझा ८,२०० होतो. तेवढं झेपत नाही म्हणून गेले १४ महिने ५ हजार पाठवते, त्यांच्या मोबाइल नंबरवर, नवऱ्याला न सांगता. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये असं वचनच आहे ना? तरी मन खातं.

आणखी दोन गोष्टी. माझा भाऊ कॅनडात असतो, गेल्या वर्षी तिथला नागरिक झाला. त्याला आमच्या मंडळीच्या जागेसाठी ३ लाख द्यायचेत. म्हणतो, तुझ्या खात्यावर पाठवतो, तू पुढे दे. आणि माझी आत्या निवृत्त नर्स आहे, लग्न केलेलं नाही. घोरपडीला तिचा छोटा फ्लॅट आहे, तो तिला चर्चला द्यायचाय. आत्ताच नावावर करून टाकते म्हणते. या सगळ्यावर टॅक्समध्ये काही सूट मिळते का? मिळत असेल तर नवऱ्याला सांगायला बरं पडेल.

एक वाचक, वडगाव शेरी

*

सलाम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या वचनापाशीच अडले. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं ते वाक्य कर्णा वाजवून दान करणाऱ्यांना उद्देशून आहे, चारचौघांनी वाहवा करावी म्हणून देणाऱ्यांना. डावा हात म्हणजे नवरा नव्हे. ज्याच्या बरोबरीनं घराचा हप्ता भरता त्याच्यापासून वर्षाला ६० हजार लपवले, तर त्याला गुप्तदान म्हणत नाहीत. काय म्हणतात ते तुमच्या मनाला कळलंय, म्हणून तर ते खातं.

रागावू नका. बँकेत ३१ वर्षं काढली आणि त्यातली नऊ वर्षं आमच्या मंडळीची खजिनदार होते, त्यामुळे बोलण्यात लेजरचा कोरडेपणा येतो. तुमच्या आईच्या डब्याबद्दल मला आदरच वाटला. फक्त एक लक्षात घ्या, तो डबा फडताळावर होता. तुमच्या वडिलांना दिसत होता, तुम्हा मुलांनाही दिसत होता. त्यात किती आहेत हे शेजाऱ्यांना माहीत नव्हतं, एवढाच त्यातला गुप्तपणा.

आता दशमांशाचं. पूर्ण पगार की हातातला, हा वाद मी पुण्यात निदान चाळीस वर्षं ऐकतेय. बँकेच्या डोक्यानं विचाराल तर सोपं आहे. पगारातून कापला जाणारा प्रॉव्हिडंट फंड तुमचाच आहे, उद्या परत मिळणार आहे. मिळेल तेव्हा त्यावर द्या. कापला गेलेला टॅक्स तुमचा कधीच नव्हता. पण मुळात जुन्या करारातला दशमांश पगाराचा नव्हताच. तो धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा आणि गुराढोरांचा होता. त्यातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा १४वा अध्याय एकदा निवांत वाचा. तिथे तो दशमांश त्या कुटुंबानंच देवासमोर बसून आनंदानं खायचा आहे. जागा लांब असेल तर माल विकून पैसे न्या आणि तिथे मनाला येईल ते विकत घ्या, असंही लिहिलंय. आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातच ठेवायचा, लेवी (म्हणजे देवाच्या सेवेतले लोक), परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी. व्यासपीठावरून मलाखीचा तिसरा अध्याय, सगळा दशमांश भांडारात आणा असं सांगणारा, वर्षातून चारदा ऐकू येतो, हा मात्र क्वचितच. का ते तुम्हीच ओळखा.

नव्या करारात तर आकडाच नाही. करिंथकरांना लिहिताना पौल एवढंच म्हणतो की ज्यानं त्यानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा भीड म्हणून नको. पहिल्या पत्रात त्यानं व्यवहाराची गोष्टही सांगितलीय, की आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीच्या मानानं बाजूला काढून ठेवा. रिकरिंग डिपॉझिटची कल्पना काही नवी नाही. दहावा हिस्सा द्यायला माझी ना नाही, मी स्वतः नोकरीची शेवटची बारा वर्षं तेवढा दिला. पण तेव्हा मुलं मिळवती झाली होती, हप्ता फिटला होता. त्याआधी पाच टक्के देत होते, त्याच्याही आधी, धाकटीच्या आजारपणात, दोन वर्षं नुसती शंभर रुपये वर्गणी. देवानं माझं नाव कुठे खोडल्याचं आढळलं नाही.

आणि नगरचे ९ हजार. तुम्ही ते खर्चाच्या यादीत टाकलेत, फी आणि औषधांच्या पाठोपाठ, जणू दशमांशाच्या आड येणारी बाब. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू कशावर चिडलाय पाहा. आईबापांना द्यायचे पैसे 'कुर्बान' म्हणजे देवाला अर्पण म्हणून जाहीर करायचे आणि त्यांना हात हलवत पाठवायचं, या पळवाटेवर. म्हणून ते ९ हजार आधी. त्यांना हात लावून कुणाचाही हॉल बांधू नका.

तर मग किती? हे मी ठरवणार नाही, पास्टरही ठरवणार नाहीत, आणि तुम्ही एकट्याही नाही. रविवारी दुपारी मूल झोपल्यावर दोघं बसा, मोबाइलमधलं १४ महिन्यांचं स्टेटमेंट स्वतःहून त्याच्यासमोर ठेवा. 'चुकलंच' एवढंच म्हणा, वचनं नंतर. तो रागावेल, रागावू द्या. मग एका वर्षापुरता आकडा ठरवा. मला विचाराल तर ३ हजारांवर सुरू करा. त्यातले निम्मे मंडळीला, थोडे त्याच्या घरच्या जुन्या चर्चला (महिना १०० रुपये ही वर्गणी नाही हो, ती आठवण आहे, आजच्या दरानं त्यात चर्चचं वीजबिलही भागायचं नाही) आणि उरलेले डब्यात. हो, खऱ्याच डब्यात, कुणाच्या अडल्यानडल्यासाठी. त्या डब्यात नवऱ्यालाही टाकू दे. नाताळ-ईस्टरचे लोक मी खजिनदार म्हणून जवळून पाहिलेत. मंडळीच्या हिशेबाबद्दल सगळ्यात नेमके प्रश्न तेच विचारतात, आणि उत्तर नीट मिळालं तर देतातही.

एका वर्षापुरता म्हणाले त्यालाही कारण आहे. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी पुण्यात आलं. त्यामागचा पैसा कुणा एका धनवंताचा नव्हता. १८८७ साली अमेरिकेत बॉस्टनला रमाबाईंच्या नावानं एक असोसिएशन स्थापन झाली होती आणि तिच्या सभासदांनी दहा वर्षं दरसाल मदत द्यायचं वचन दिलं होतं. एकेकाची रक्कम लहान, पण मुदत ठरलेली. त्यामुळे बाईंना उद्याची चूल पेटेल की नाही हे आज माहीत असायचं. खजिनदाराला ईस्टरला आलेल्या ५० हजारांपेक्षा दर महिन्याच्या ३ तारखेला न चुकता येणारे दीड हजार जास्त प्यारे असतात. वीजबिल, पाळकांचा पगार, झाडलोट करणाऱ्या बाईंचा पगार, डायोसिसला (बिशपांच्या धर्मप्रांताला) भरायचा वाटा, यातलं काहीच ईस्टरची वाट पाहत नाही. बँकेला स्थायी सूचना देऊन टाका: १ तारखेला पगार, ३ तारखेला वर्गणी. मग दर महिन्याला मनाशी झटापट नको.

आता ज्या गोष्टीनं मला खरी काळजी लागली ती. पैसे पास्टरांच्या मोबाइल नंबरवर जातात.

मी तुमच्या पास्टरांना ओळखत नाही आणि त्यांच्यावर कसलाही आळ घेत नाही. पुष्कळ लहान मंडळ्या अशाच सुरू होतात. आधी माणसं जमतात, मग हॉल मिळतो, आणि नोंदणीच्या कटकटीत पडायला कुणालाच वेळ नसतो. पण कायदा काय म्हणतो ते त्यांना प्रेमानं सांगा. नातेवाईक नसलेल्यांकडून एखाद्याला वर्षभरात मिळालेल्या रकमांची बेरीज ५० हजारांवर गेली, की ती सगळीच्या सगळी त्याच्या उत्पन्नात धरली जाते. तुम्ही एकट्यांनीच वर्षाला ६० हजार पाठवलेत. उद्या प्राप्तिकर खात्यानं विचारलं तर ते पैसे देवाचे होते हे ते बिचारे कशानं दाखवणार? दुसरं, देव न करो, त्यांना काही झालं तर त्या खात्यातला पैसा वारसांचा. मंडळी दाराबाहेर.

म्हणून पैसे मंडळीच्या नावाच्या खात्यातच द्यायचे. मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असावी. आपल्याकडे त्याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आहे, १९५० चा. नोंदलेल्या न्यासाला हिशेबतपासणी करून घ्यावी लागते. नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि ढोले पाटील रस्त्यावरच्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पी.टी.आर.चा, म्हणजे सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीचा, उतारा काढून बघा. विश्वस्त कोण, मिळकत कोणती, सगळं त्यात असतं. अजून नोंदणी नसेल तर तुम्ही आणि तुमच्यासारखे दोन-तीन पगारदार मिळून ते काम अंगावर घ्या. मंडळीला द्यायच्या पैशांइतकंच ते दान आहे, आणि आयटीवाल्यांना फॉर्म भरायचा कंटाळा नसतो असं मी समजते.

हे अविश्वासाचं वाटतं का? मला एके काळी वाटायचं. मग मी वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या आतल्या खोलीत, मोजणी कशी होते ते पाहिलं. आमच्याकडे भक्ती संपली की मखमली पिशव्या, लांब लाकडी दांड्याच्या, आतल्या खोलीत यायच्या. टेबलावर जुनी चादर अंथरायची म्हणजे नाणी घरंगळत नाहीत. दोन माणसं मोजणार, ती दोघं एका घरची नकोत, आणि दर महिन्याला जोडी बदलणार. आधी पाकिटं फोडायची, पाकिटावरचा आकडा आणि आतली रक्कम जुळवायची. मग सुट्या नोटा, सगळी डोकी एका बाजूला. मग नाणी, दहा-दहाच्या चळती. वहीत आकडा, खाली दोघांच्या सह्या, वेळ. चहा त्यानंतर. माझ्याबरोबर मोजायला बसणारे एक काका रेल्वेतून निवृत्त झाले होते. ते सही करण्याआधी बाह्या दुमडायचे आणि दोन्ही तळहात टेबलावर उताणे ठेवायचे. मला आधी हसू यायचं. नंतर मीही तसंच करायला लागले.

एवढी शिस्त असूनही माझ्याच हातून चूक झाली. छपराच्या दुरुस्तीसाठी म्हणून लोकांनी ८४ हजार दिले. मी ते सर्वसाधारण खात्यातच ठेवले, वेगळं खातं कशाला म्हणून. तीन महिने वर्गणी कमी आली, पगार आणि बिलं त्यातूनच गेली. एक पैसा कुणाच्या खिशात गेला नाही. पण पत्रेवाला आला तेव्हा खात्यात ३१ हजार होते आणि पाऊस आठ दिवसांवर. वार्षिक सभेत एका म्हाताऱ्या मावशींनी उठून विचारलं, 'बाई, मी छपराला दिले होते, तुम्ही ते कुठे दिले?' त्या वर्षीचा माझा बोनस छपरात गेला. तेव्हापासून सांगते की विशिष्ट कामासाठी देत असाल तर पावतीवर ते काम लिहून घ्या, आणि त्या कामाचं खातं वेगळं आहे का विचारा. विचारलेलं खजिनदाराला आवडत नाही. मलाही आवडलं नव्हतं.

देण्याचे बाकीचे मार्ग तुम्ही लहानपणापासून पाहिलेत, ते मी सांगायला नको. वाढदिवसाचं, लग्नाच्या वाढदिवसाचं उपकारस्तुतीचं पाकीट, पहिल्या पगाराचं पाकीट. हंगामाच्या सणाला अर्पण केलेल्या वस्तूंचा लिलाव मात्र मला फार आवडतो, म्हणून दोन ओळी. आमच्याकडे एकदा एका लिंबाला ७०० रुपये आले. ज्यानं घेतलं त्यानं ते परत वेदीपुढे ठेवलं, पुन्हा बोली लागली, पुन्हा परत. एका लिंबानं दुपारभर मंडळीला हसवलं आणि पाचेक हजार मिळवून दिले. सोमवारी मी यादी घेऊन बसले तेव्हा बोली लावणारे अठरा होते आणि पैसे भरलेले अकरा. बाकीच्या सातांच्या मागे मी आगमनकाळापर्यंत, म्हणजे नाताळ तोंडावर येईपर्यंत, फिरले. बोली लावाल तर खिशात हात घालूनच लावा.

टॅक्सचं थोडक्यात, कारण तुमची निराशाच करायची आहे. ८०जी म्हणून ओळखली जाणारी सूट धर्मादाय कामाच्या संस्थांसाठी आहे. एकाच धर्माच्या समाजासाठी चालणाऱ्या संस्थेला, म्हणजे मंदिर असो, मशीद असो की चर्च, दिलेल्या वर्गणीवर ती साधारणपणे मिळत नाही. अपवाद आहे तो केंद्र सरकारनं अधिसूचित केलेल्या ऐतिहासिक किंवा ख्यातनाम प्रार्थनास्थळाच्या दुरुस्तीचा. त्या देणगीच्या निम्म्या रकमेवर सूट मिळते, तीही मर्यादेत. चर्चशी नातं असलेल्या, पण सर्वांसाठी चालणाऱ्या दवाखान्याच्या किंवा अनाथाश्रमाच्या न्यासाला ८०जी असू शकतं. तिथे २ हजारांवरची रोख देणगी चालत नाही आणि संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. आणि तुम्ही नवी करप्रणाली घेतली असेल तर हा सगळा परिच्छेदच तुमच्या कामाचा नाही, तिच्यात ही सूट नाही. नवऱ्याला सूट दाखवून पटवायचा बेत होता ना? बरं झालं, तो फसला.

भावाचं प्रकरण गंभीर आहे, इथे थट्टा नाही. तो भारताचा नागरिक असता आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असता तर प्रश्न नव्हता. अनिवासी भारतीयाचा असा पैसा विदेशी देणगी धरला जात नाही. पण तो कॅनडाचा नागरिक झाला, म्हणजे कायद्याच्या नजरेत तो आता विदेशी स्रोत आहे. परदेशी नागरिक झालेल्या भारतवंशीयांना मिळणारं ओसीआय कार्ड काढलं तरी त्यात फरक पडत नाही. विदेशी देणगी घ्यायला संस्थेची २०१० च्या विदेशी अभिदाय कायद्याखाली, ज्याला सगळे एफसीआरए म्हणतात, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. पैसा यायचा तोही फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खास खात्यात. २०२० च्या दुरुस्तीपासून हे असंच आहे. आणि ज्या संस्थेला आला तिला तो दुसऱ्या संस्थेकडे वळता करता येत नाही.

'तुझ्या खात्यावर पाठवतो, तू दे' ही तर सगळ्यात वाईट वाट. विदेशी स्रोताकडून आलेला पैसा मध्ये कुणाच्याही हातून फिरवला तरी तो विदेशी देणगीच राहतो, असं कायद्यातच लिहिलंय. घेणाऱ्या मंडळीवरही बालंट आणि तुमच्यावरही. शिक्षेत पाच वर्षांपर्यंतचा कारावास आहे. भाड्याच्या हॉलमधल्या, कदाचित अजून नोंदणीसुद्धा न झालेल्या मंडळीला हे परवडणारं नाही.

पण भावाला मी रिकाम्या हातानं परत पाठवणार नाही. आईबाबा दोघांचे आहेत ना? मग नगरचे ९ हजार एकट्या तुम्ही का देताय? मुलानं आईवडिलांच्या खर्चाला परदेशातून पैसे पाठवायला काही आडकाठी नाही. त्यानं ते सरळ त्यांच्या खात्यावर पाठवावेत आणि ते त्यांच्याच औषधपाण्यावर, घरावर खर्च व्हावेत. ही पळवाट नव्हे, खरंच त्यांच्यासाठी. तुमचा त्यातला निम्मा भार कमी झाला तरी महिन्याला साडेचार हजार मोकळे होतात. ते तुमच्या घामाचे, तुमच्या पगारातले. त्यांचं काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवा. भावाला फोनवर हे सांगताना संकोच वाटेल, मला माहीत आहे. देवाच्या नावानं ३ लाख काढणं सोपं असतं, बापाच्या गुडघ्यासाठी दर महिन्याला आठवणीनं पाठवणं अवघड.

आता आत्या. त्यांना माझा सलाम सांगा आणि हे वाचून दाखवा. आत्ता फ्लॅट नावावर करून देऊ नका. नोंदणी केलेलं बक्षीसपत्र एकदा झालं की घर गेलं. मग पुढच्या वीस वर्षांत पडणं, झडणं, दवाखाना, कशालाही ते मागे घेता येत नाही. मृत्युपत्र करा. ते शेवटपर्यंत बदलता येतं आणि तोवर घर तुमचं, किल्ली तुमची. मंडळी आज इतकी प्रेमळ आहे म्हणून उद्याची समितीही तशीच असेल हे कुणी सांगावं. मी समित्या पाहिल्यात.

इथे एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी, कारण आपल्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात ती अजून घट्ट बसलीय. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात ११८ वं कलम होतं. भाचा-भाची, पुतण्या-पुतणी किंवा त्यांच्याहून जवळचं कुणी असेल, तर ख्रिस्ती माणसाला आपली मिळकत धर्मादाय कामाला देता यायची नाही. द्यायची तर मृत्युपत्र मरणाआधी निदान बारा महिने केलेलं हवं आणि सहा महिन्यांच्या आत जमा केलेलं हवं. तुम्ही भाची आहात, म्हणजे तुमच्या नुसत्या असण्यानं आत्यांचं दान अडलं असतं! सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये जॉन वल्लमट्टम यांच्या खटल्यात ते कलम घटनेविरुद्ध ठरवून रद्द केलं. तेव्हा 'वर्षभर आधी करायला हवं' म्हणून आत्या घाई करत असतील तर त्यांना म्हणावं, आता ती अट नाही.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नका, त्याचं दान बाद होतं. सोसायटीत नॉमिनी लावून काम भागलं असं समजू नका. नॉमिनी हा मालक नसतो. आणि 'चर्चला' एवढंच लिहू नका. कुठल्या चर्चला? पुण्यात क्वार्टर गेटच्या सिटी चर्चला सवाई माधवरावांनी १७९२ मध्ये जागा दिली, त्या काळापासून चर्चला जमिनी मिळत आल्यात, आणि आज कुठली मिळकत नेमकी कोणाच्या नावावर आहे यावर कोर्टात फायली पडून आहेत. जुन्या चर्चांची मिळकत बहुधा स्थानिक मंडळीच्या नावावर नसते, डायोसिसच्या किंवा वरच्या ट्रस्टच्या नावावर असते. ट्रस्टचं कागदावरचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक लिहा.

त्याहून बरं म्हणजे फ्लॅटच देऊ नये. न्यासाच्या नावावर एकदा स्थावर मिळकत चढली की ती विकायला धर्मादाय आयुक्तांची आगाऊ परवानगी लागते. एका लहानशा मंडळीनं घोरपडीच्या वन बीएचकेचं करायचं काय? मेंटेनन्स भरत बसायचं? मृत्युपत्रात विश्वासातली व्यवस्थापक व्यक्ती नेमा, तिनं फ्लॅट विकावा आणि पैसे वाटावेत असं लिहा. कशासाठी तेही लिहा. नर्सबाई आहेत, उभं आयुष्य वॉर्डात गेलंय. नर्सिंग शिकणाऱ्या मुलींच्या फीसाठी असं म्हटलं तर मला वाटतं त्यांचे डोळे चमकतील. विचारून बघा. वकिलाकडे जाताना त्या एकट्याच खोलीत जाऊ देत, तुम्ही बाहेर बसा. भाचीच्या डोळ्यांसमोर केलेलं मृत्युपत्र पुढे भाचीलाच जड जातं.

आणि हो, तुमच्या हॉलच्या भिंतीवर देणगीचा क्यूआर कोड असेल तर येत्या रविवारी तो स्कॅन करा, पैसे पाठवू नका. वर कुणाचं नाव येतं तेवढं बघा आणि मला कळवा.